किनारा येतो, खोली येत नाही: लष्करी सागरी चार्टच्या आयातीत परत परत होणारा बिघाड

"दादा, किनारा आलाय की ओ. पण खोली कुठंच दिसेना."

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुठली फाइल उघडली असणार हे आता खुर्चीवरून न उठताच कळतं. आम्ही सहा-सात माणसं नकाशे डिजिटाइझ करतो. काम बहुतेक जमिनीचं: सर्व्हे नंबर, रस्ते, पाइपलाइन. अधूनमधून किनाऱ्याचं काम येतं. शिवाय नवीन पोरांचा हात बसावा म्हणून मी मुद्दाम त्यांना सागरी चार्ट देतो. खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडून येणाऱ्या या पोरांनी समुद्र पाहिलेला असतो तो चोर्ल्याचा घाट उतरून गेलेल्या एखाद्या सहलीत. त्यामुळे चार्टवरचा आकडा चुकला तर तो डोळ्याला खटकत नाही.

फाइल उघडली की किनारा दिसतो, पण पाण्याची खोली दिसत नाही. हा बिघाड दर वेळी दुरुस्त होतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत उगवतो. तो परत का उगवतो हे समजायला मला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

आमच्याकडे दोन जातींचा डेटा येतो. पहिला एस-५७. हे आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचं प्रमाण आहे. इलेक्ट्रॉनिक चार्ट वर्षानुवर्षं याच रचनेत बनत आले, आणि नाटो देशांचे 'ॲडिशनल मिलिटरी लेयर्स' हे लष्करी लेयरही याच रचनेत असतात. दुसरा डीएनसी, म्हणजे डिजिटल नॉटिकल चार्ट. तो अमेरिकेच्या संरक्षण खात्यातली नॅशनल जिओस्पेशियल-इंटेलिजन्स एजन्सी बनवते. सगळं जग २९ भागांत वाटलेलं आहे, आणि अमेरिकेच्या पाण्याचा भाग कोणालाही उतरवून घेता येतो. सरावाला आम्ही तोच घेतो. आपल्याकडचे चार्ट भारतीय नौदलाच्या अखत्यारीतलं डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. इलेक्ट्रॉनिक चार्ट एस-६३ प्रमाणे कुलूपबंद मिळतात आणि परवान्याशिवाय उघडत नाहीत. कुणी 'कुलूप काढलेली' फाइल पेन ड्राइव्हवर आणून दिली तर तिला हात लावू नका. तो प्रश्न सेटिंगचा नाही.

एस-५७: खोली असते, पण टेबलात नसते

ठिपके दिसतात, आकडे दिसत नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी एक गोष्ट करून बघा. क्यूजीआयएस या आमच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये साउंडिंगच्या, म्हणजे खोलीच्या मोजमापांच्या, लेयरवर सिलेक्टचं बटण घ्या आणि एकाच ठिपक्यावर क्लिक करा. एकच ठिपका पिवळा झाला तर पुढचं वाचायची गरज नाही. एका क्लिकसरशी शेकडो ठिपके पिवळे झाले तर बिघाड सापडला.

एस-५७ मध्ये खोलीची मोजमापं एकेक करून ठेवलेली नसतात. जागा वाचावी म्हणून एका वस्तूत शेकडो बिंदूंचा गठ्ठा बांधलेला असतो, आणि प्रत्येक बिंदूची खोली त्याच्या अक्षांश-रेखांशाच्या जोडीला तिसरा आकडा म्हणून बसलेली असते. क्यूजीआयएसच्या पोटात फाइल वाचायचं काम जीडाल नावाची लायब्ररी करते. जीडालला काही सांगितलं नाही तर ते हा गठ्ठा जसाच्या तसा मल्टिपॉइंट म्हणून पुढे देतं. मग ॲट्रिब्यूट टेबलमध्ये हजार बिंदूंमागे एक ओळ दिसते, आणि त्या ओळीत खोलीचा रकानाच नसतो. पोरं टेबल धुंडाळत बसतात, खोली मात्र झेडमध्ये, म्हणजे त्या तिसऱ्या आकड्यात, मुकाट बसलेली असते.

जीडालला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. 'स्प्लिट मल्टिपॉइंट' ऑन, म्हणजे गठ्ठा सोड. 'ॲड साउंडिंग डेप्थ' ऑन, म्हणजे तिसरा आकडा 'डेप्थ' नावाच्या रकान्यात उतरव. दोन्ही एकत्र पाहिजेत. पहिली नसताना दुसरी एकटी लावून चालत नाही. क्यूजीआयएसमध्ये सेटिंग्ज, ऑप्शन्स, सिस्टिम असं जाऊन खाली एन्व्हायर्न्मेंटमध्ये 'कस्टम व्हेरिएबल्स'वर खूण करा. नवीन ओळीत व्हेरिएबलचं नाव 'ओजीआर एस५७ ऑप्शन्स' घाला, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये स्पेस न देता अंडरस्कोअर देऊन. पर्यायाचं स्पेलिंग जीडालच्या कागदपत्रातून उचलून चिकटवा, हाताने टाइप करू नका. त्यात 'साउंडिंग'चं सहा अक्षरी लघुरूप आहे, आणि पूर्ण शब्द लिहिला की सेटिंग गेलं. मग क्यूजीआयएस बंद करून परत चालू करा. हे न करता 'लागू झालं नाही' म्हणणारे निम्मे तरी असतात.

अपडेटचं थोडक्यात सांगतो. मूळ चार्ट ०००ची फाइल, दुरुस्त्या ००१, ००२ अशा. त्या एकाच फोल्डरमध्ये असल्या तर जीडाल आपोआप लागू करतं. फक्त ०००ची फाइल उचलून दुसरीकडे नेली की तुम्ही जुना चार्ट बघत बसता.

मग परत का होतं?

निपाणीची एक मुलगी आमच्याकडे शिकायला होती. कामाला एकदम चोख. तिच्या मशिनवर हे सेटिंग मी स्वतः लावलं होतं. दीड महिन्याने तिच्याच मशिनवर परत तेच. मी सेटिंग उघडून बघितलं तर कस्टम व्हेरिएबल्सची यादी कोरी. तिने काही पुसलेलं नव्हतं. दुपारच्या पाळीतल्या मुलाने आपल्या टूलबारची मांडणी वेगळी राहावी म्हणून क्यूजीआयएसमध्ये नवीन यूजर प्रोफाइल केलं होतं, आणि त्या दिवशी ती त्याच प्रोफाइलमध्ये काम करत होती.

मुळात घोळ इथे आहे. हे सेटिंग चार्टबरोबर राहत नाही, प्रोजेक्टबरोबरही राहत नाही. ते राहतं वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये. नवीन प्रोफाइल, नवीन कॉम्प्युटर, फॉर्मॅट मारलेली मशिन, घरचा लॅपटॉप, प्रत्येक ठिकाणी ते शून्यापासून. मी कित्येक महिने माणसामागे माणूस दुरुस्त करत होतो, आणि माणसं तर बदलतच राहणार.

आता आम्ही आयात एकदाच करतो. आयातीची आज्ञा एका छोट्या बॅच फाइलमध्ये लिहून ठेवली आहे आणि दोन्ही पर्याय त्या आज्ञेतच आहेत. ती फाइल चार्टच्या फोल्डरमध्येच राहते. ती चालवली की साउंडिंग, समखोली रेषा, खडक, बुडालेली जहाजं, सगळं एका जिओपॅकेजमध्ये, म्हणजे सगळे लेयर एकत्र ठेवणाऱ्या एका फाइलमध्ये, उतरतं. बाकीची पोरं फक्त ते जिओपॅकेज उघडतात, मूळ एस-५७ कुणी क्यूजीआयएसमध्ये थेट ओढायची नाही. शेपफाइल हा नकाशाच्या फाइलचा जुना प्रकार मी यासाठी बंद केला. यादीच्या रूपातली मूल्यं त्याला पेलत नाहीत. आणि एक ध्यानात ठेवा: आधीच चुकीच्या सेटिंगने केलेलं जिओपॅकेज नंतर सेटिंग लावून सुधारत नाही. खोलीचा रकाना आयातीच्या वेळीच बनतो. परत आयात करा.

लष्करी लेयर असतील तर आणखी एक पायरी आहे. त्यातल्या वस्तूंचे काही प्रकार साध्या चार्टच्या यादीत नसतात, म्हणून जीडालला ते अनोळखी वाटतात आणि त्यांची नावं, गुणधर्म नीट येत नाहीत. त्यासाठी 'एस५७ प्रोफाइल' नावाचं वेगळं व्हेरिएबल आहे. त्याची किंमत 'ॲडिशनल मिलिटरी लेयर्स', इथेही मध्ये अंडरस्कोअर. हे सेटिंग लावल्यावर जीडाल वस्तूंच्या आणि गुणधर्मांच्या वेगळ्या सीएसव्ही याद्या शोधतं, नावाच्या शेवटी 'एएमएल' असलेल्या. तुमच्या जीडालच्या डेटा फोल्डरमध्ये त्या आहेत का ते आधी बघा. वेगळ्या जागी ठेवल्या असतील तर 'एस५७ सीएसव्ही' या व्हेरिएबलमध्ये त्या फोल्डरचा पत्ता द्या. आणि हे प्रोफाइल लावून साधा चार्ट उघडायला जाऊ नका. काम झालं की काढा. याच कारणासाठी तेही बॅच फाइलमध्येच बरं.

डीएनसी: इथे एरर येत नाही, म्हणून जास्त जपा

डीएनसीची रचना पूर्ण निराळी. तिला व्हीपीएफ म्हणतात, आणि अमेरिकी लष्कराच्या १९९६ च्या 'मिल-एसटीडी-२४०७' या प्रमाणात ती मांडलेली आहे. चार्ट म्हणजे एक फाइल असं इथे नसतं. चार्ट म्हणजे फोल्डरांचं अख्खं झाड. वर डेटाबेस, त्यात लायब्ररी, लायब्ररीत कव्हरेज, कव्हरेजमध्ये बारीकसारीक टेबलं. पाण्याचं कव्हरेज 'एचवायडी', दिवे-बोयांचं 'एनएव्ही', अडथळ्यांचं 'ओबीएस'.

जीडालने हे वाचायचं तर ओजीडीआय नावाचा ड्रायव्हर लागतो, आणि तो जीडालच्या प्रत्येक बांधणीत असतोच असं नाही. आधी उपलब्ध फॉर्मॅटची यादी छापून बघा. त्यात ओजीडीआय नसेल तर कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही, संध्याकाळ वाया जाईल. लेयरची नावं चिन्हांनी भरलेली, कंसांसह येत असतील तर 'लाँडर लेयर नेम्स' हा ओजीडीआयचा पर्याय लावा, नावं सुटसुटीत होतात.

पत्ता देताना लायब्ररीच्या फोल्डरचा द्यायचा. पण म्हणून तेवढाच फोल्डर कॉपी करून आणायचा नाही. लायब्ररीची हद्द आणि डेटाबेसची ओळख एक पायरी वरच्या 'एलएटी' आणि 'डीएचटी' या टेबलांत असते. पोरं जड फोल्डर टाळायला एकच बंदर उचलतात आणि मग काहीच उघडत नाही. मुळापासून पूर्ण झाड आणा.

इथली दुसरी गोष्ट विंडोजवर कळत नाही आणि लिनक्सवर छळते. सीडीवरून आलेल्या काही फाइलींना एक्स्टेन्शन नसतं, पण नावाच्या शेवटी एक टिंब लागून येतं. शिवाय कुणाची नावं लहान अक्षरांत, कुणाची मोठ्या. विंडोज अक्षरांत फरक करत नाही, लिनक्स करतं. ऑफिसात चालतं आणि घरच्या उबुंटूवर चालत नाही, असं झालं की पहिला संशय यावर घ्या. नावं बदलायची तर सगळ्या झाडाची एकसारखी बदला. अर्धी लहान, अर्धी मोठी करून ठेवलेलं झाड निस्तरण्यापेक्षा परत उतरवून घेतलेलं बरं.

आणि लाईट. पावसाळ्यात आमच्याकडे कॉपी चालू असताना लाईट जाते. एकदा बिंदू सगळे आले, पण रेषा एकही नाही. शोधत गेल्यावर दिसलं की एका तुकड्याची 'ईडीजी' फाइल होती, 'ईडीएक्स' नव्हती. रेषांच्या टेबलातली प्रत्येक नोंद कमी-जास्त लांबीची असते, आणि कुठली नोंद कुठून सुरू होते ते 'ईडीएक्स'मध्ये लिहिलेलं असतं. ती गेली की रेषा वाचता येत नाहीत. काही किलोबाइटची फाइल बघून कुणी 'फालतू' म्हणून पुसते, त्याचाही परिणाम हाच. कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत यांतल्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता सगळ्यात घातक गोष्ट. व्हीपीएफमध्ये 'माहिती नाही' हे रिकामं ठेवत नाहीत, तिथे ठरलेला आकडा भरतात. लहान पूर्णांकाच्या रकान्यात −३२७६८, मोठ्या पूर्णांकाच्या रकान्यात −२१४७४८३६४८, आणि दशांशाच्या रकान्यात 'एनएएन', म्हणजे 'हा आकडा नाही' अशी खूण. आयात करताना हे नल, म्हणजे रिकामी नोंद, म्हणून ओळखलं गेलं नाही तर तो आकडा खरा म्हणून आत येतो. बुडालेल्या जहाजांच्या लेयरमध्ये हे हमखास, कारण जहाज कुठे आहे ते माहीत असतं, त्यावर पाणी किती ते माहीत नसतं.

पडद्यावर ते कसं दिसतं ते सांगतो. तुम्ही समान अंतराचे पाच रंग लावता. खरी खोली ० ते ४० मीटर. पण तळाला −३२७६८ बसलेला, म्हणून एकेक रंग ६५६१.६ मीटरचा होतो. शेवटचा रंग −६५२१.६ ते ४०. म्हणजे अख्खी खाडी एकाच निळ्या रंगात, कुठे उथळ नाही, कुठे खोल नाही. पोरं म्हणतात, रंग लागत नाहीत. रंग बरोबर लागलेत, आकडा खोटा आहे. सरासरी काढली तर आणखी वाईट: ९९ ठिकाणी बारा-बारा मीटर आणि एका ठिकाणी हा आकडा, तर सरासरी उणे ३१५.८ मीटर.

आयात झाल्या झाल्या प्रत्येक आकडी रकान्याची किमान किंमत बघा. असा आकडा दिसला तर फील्ड कॅल्क्युलेटरने तिथे नल करा. शून्य करू नका. हे मी दहादा सांगतो. शून्य म्हणजे 'माहीत नाही' नव्हे. शून्य म्हणजे खडक नेमका चार्टच्या शून्य पातळीला आहे. माहीत नसलेल्या जागी तसं छातीठोक लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं.

दोनदा आलेला किनारा आणि आलेखाच्या वहीसारखा समुद्र

डीएनसीत एकाच पाण्याचे चार थर असू शकतात: हार्बर, ॲप्रोच, कोस्टल, जनरल. हार्बर १:५०,००० पेक्षा बारकाईचं, जनरल १:५,००,००० पेक्षा ढोबळ. लायब्ररीच्या नावावरून कळतं. 'एच'ने सुरू होतं ते हार्बर, 'ए'ने ॲप्रोच, मग 'सीओए' आणि 'जीईएन'. चारही एका लेयरमध्ये ओतलं की किनारा दोन-तीन रेघांनी येतो आणि खोलीचे आकडे एकमेकांवर चढतात. प्रत्येक लायब्ररी वेगळ्या गटात घ्या आणि गटाला मापानुसार दिसण्याची मर्यादा घाला.

समुद्रावर वहीसारख्या उभ्या-आडव्या सरळ रेघा आल्या तर त्या टाइलच्या कडा आहेत. व्हीपीएफ डेटा तुकड्यांत कापून ठेवतं, त्यामुळे एकच उथळ भाग चार तुकड्यांत येतो आणि प्रत्येकाला बाह्यरेषा मिळते. आपल्या सीमाभागात नकाशावर सरळ रेघ दिसली की माणूस आधी विचारतो, ही हद्द कुठली. १९५६ पासूनची सवय आहे ती. एका पोराने या रेघा खरोखरच सागरी हद्द म्हणून ट्रेस करून दिल्या होत्या, तीन दिवस खपून. चूक त्याची नव्हती, मी आधी सांगायला हवं होतं. वस्तूचा कोड आणि खोलीचे रकाने धरून डिझॉल्व्ह करा, म्हणजे सारखे तुकडे एकत्र जोडा, रेघा जातात.

शून्य कुठला?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. आपल्या टोपोशीटवरचे, म्हणजे जमिनीच्या नकाशावरचे, उंचीचे आकडे मध्यम समुद्रपातळीपासून वर मोजलेले. चार्टचा शून्य मात्र ओहोटीच्या खालच्या पातळीला बांधलेला असतो आणि आकडे त्यापासून खाली मोजतात. एस-५७ मध्ये म्हणूनच खोली धन असते, आणि ओहोटीला उघडा पडणारा खडक उणे आकड्याने येतो. पोरांना वाटतं उणे म्हणजे खोल, आणि ती चिन्ह उलटवतात. मी त्यांना विहीर सांगतो: कठड्यावरून दोर सोडला, पाणी वीस फुटांवर लागलं, तर वीसच म्हणतो ना, उणे वीस म्हणत नाही. जमिनीचे कंटूर आणि चार्टची खोली एका पृष्ठभागात जोडायची असेल तर दोन शून्यांमधला फरक त्या किनाऱ्यासाठी आधी शोधून मिळवावा लागतो. देगावला उगवणारी म्हादई खानापूरच्या रानातून गोव्याच्या समुद्रापर्यंत एका रेषेत काढायला घेतली, तेव्हा खाडीच्या तोंडाशी आम्हाला हा फरक भेटला.

आमच्या गल्लीत एक निवृत्त नौसैनिक काका राहतात. डीएनसीत १८.३, ३६.६ असले आकडे परत परत दिसतात म्हणून मला शंका आली, आयात करताना एकक बिघडलं की काय. मी प्रिंट घेऊन गेलो. काकांनी चष्मा वर केला, दोन्ही हात लांब पसरले आणि म्हणाले, "ही एक वाव. सहा फूट. तुझे अठरा पॉइंट तीन म्हणजे दहा वावा, छत्तीस पॉइंट सहा म्हणजे वीस." मूळ मोजणी वावेत, चार्टवर मीटर. १.८२८८ ने भागून बघा, उत्तर पूर्ण आकड्याला जवळजवळ टेकलं तर डेटा ठीक आहे. गोल आकडे करायच्या भानगडीत पडू नका.

काका आणखी एक म्हणाले, तेही इथे घालतो. क्यूजीआयएसमध्ये आणलेला कुठलाही चार्ट होडी हाकायला वापरायचा नाही. मालवण-कारवारकडचे कुणी ओळखीचे मोबाइलवर मागत असतील तरी द्यायचा नाही.

आयात संपल्यावर आम्ही एवढं बघतो: मूळ चार्टवरचे पाच आकडे, दोन उथळ, दोन खोल, एक उघडा पडणारा खडक, जिओपॅकेजमध्ये त्याच जागी, त्याच चिन्हासह आहेत का. त्या पाचांची नोंद बॅच फाइलशेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये, तारीख आणि करणाऱ्याच्या नावासह. पाचातला एक चुकला तर जिओपॅकेज पुसून आयात परत.